कंपनीची गाडी

माझा स्वभाव फटकळ आहे. शेवगावात दातांचा दवाखाना चालवायचा तर फटकळ असावंच लागतं. माणूस खुर्चीत बसतो, तोंड उघडतो आणि मी हात धुऊन वळेपर्यंत पुन्हा मिटतो. "बाई, आज ऱ्हाऊ द्या, पुढच्या बाजारी येतो." त्याला गोड बोलून समजावत बसलं तर सूज डोळ्यापर्यंत चढते. म्हणून मी ओरडते. "उघड तोंड, नाहीतर फी दुप्पट!" मग लोक हसतात आणि उघडतात. तालुक्यात माझी ओळखच 'ती वरडनारी डाक्टरीन' अशी झाली होती आणि मला त्याचा चांगलाच अभिमान होता. मला वाटायचं, आपण कुणाची भीडभाड ठेवत नाही, जे असेल ते तोंडावर बोलतो. असं मला वाटायचं, एवढंच.

गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची. दवाखाना शेवगावात होता, पण आठवड्यातला एक दिवस पाथर्डीला आणि एक दिवस नेवाशाला भाड्याच्या खोलीत बसायचे. बरोबर घडीची खुर्ची, स्टीलच्या डब्यात उकळलेली हत्यारं, कापूस, औषधं. सुरुवातीला हे सगळं एसटीनं न्यायचे. एकदा कंडक्टरला डब्यात काय आहे ते बघायचं होतं, तर डबा उघडल्यावर आतल्या पकडी बघून शेजारची दोन माणसं उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. मग आम्ही एक जुनी गाडी घेतली. आमच्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते. तिसरे आम्ही, असं गाडीच्या आरसी पुस्तकात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तिसरी मालक होती माझी भावकी.

माझं माहेर शेवगावापासून दहा-बारा किलोमीटरवर. सासर पार जळगावकडे, त्यामुळे गाडी मागायला येणारे सगळे माझ्याच माहेरचे. त्यातही एक चुलतभाऊ पुढे. मनानं चांगला, पण मागायला त्याला कधी लाज म्हणून वाटली नाही. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाला मुलगी बघायला जायचं असो, हा सकाळी सातला दारात. "आक्का, चावी दे. दुपारपर्यंत आनतो." दुपार म्हणजे दुसऱ्या दिवशीची दुपार. गाडी परत यायची तेव्हा सीटवर हळद, वायपरला हाराचा दोरा आणि टाकीत नुसता वास. मी ओरडायची, पण गाडी परत आल्यावर. चावी देताना मात्र तोंडातून 'नाही' निघायचं नाही. याच लोकांनी माझ्या शिक्षणाला धान्य दिलं होतं, वसतिगृहात मला भेटायला येताना भाकरी बांधून आणल्या होत्या. त्यांना नाही कसं म्हणायचं?

आता आप्पांबद्दल. आमच्या घरात 'बाबा' म्हटलं की ते एकच, हार घातलेल्या तसबिरीतले, निळ्या कोटातले. म्हणून वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आई गेल्यावर आप्पा गावात एकटेच राहायचे. माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "तुझ्या घरात दिसभर लोकं कन्हत्यात. मला झोप न्हाई लागत." त्यांना काचबिंदू होता. मेला हा आजार दुखत नाही, हीच त्याची खोड. आम्हांला कळेपर्यंत त्यांचा डावा डोळा गेला होता. राहिला होता उजवा. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की महिन्यातून एकदा डोळ्याचा दाब तपासायचा, थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत, तर हा डोळा टिकेल. मी स्वतः डॉक्टर असून माझ्या बापाचा एक डोळा माझ्या नाकाखालून गेला होता. दुसरा मी जाऊ देणार नव्हते.

आणि एका गुरुवारी, आप्पांच्या नगरच्या तारखेलाच, गाडी नेमकी चुलतभावाकडे. पैठणला कुणाची तरी बोलणी होती. आदल्या दिवशी नेलेली गाडी आलीच नाही. आप्पा धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात बसून राहिले, बारा वाजता म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, पुढल्या येळंला," आणि गावी परत गेले. त्या दिवशी माझं डोकं असं काही फिरलं की मी नवऱ्याला सांगितलं, ही गाडी विकायची. कोरी गाडी घ्यायची आणि ती कुणालाही द्यायची नाही.

माझा नवरा हायस्कूलला गणित शिकवायचा. त्यानं लगेच कागद घेतला. कर्ज काढायचं, हा त्याचा निकाल कागदावर काही लिहायच्या आधीच लागलेला होता. "गाडी पहिल्या दिवसापासून आपली. बँकेचा बोजा असेल पुस्तकावर, पण नाव आपलं."

मी म्हटलं, "आधी सीएंना विचारू."

आमचे सीए नगरला सावेडीत बसायचे. त्यांनी दोन्ही बाजू नीट मांडल्या. कर्ज घेतलं तर सुरुवातीला मोठी रक्कम स्वतःची घालायची, मग हप्ते, आणि हप्ते फिटले की गाडी सगळी आपली. दुसरा रस्ता लीजचा. पुण्याची एक फायनान्स कंपनी तेव्हा नगरला येऊन डॉक्टर लोकांना गाड्या द्यायची. गाडी कंपनी विकत घेणार, पुस्तकावर नाव कंपनीचं. आपण तीन वर्षं दरमहा भाडं भरायचं. ते सगळं भाडं दवाखान्याच्या खर्चात जातं, त्यामुळे कर कमी. सुरुवातीला फारसं काही घालावं लागत नाही. तीन वर्षांनी गाडी परत.

"म्हणजे तीन वर्षं पैसे भरून शेवटी हातात काही नाही?" नवरा म्हणाला.

"हातात रोकड राहते ना, सर," सीए म्हणाले.

मला तेवढंच ऐकायचं होतं. मला दवाखान्यात विजेवर वर-खाली होणारी खुर्ची घ्यायची होती. जुन्या खुर्चीवर वाकून वाकून कंबर कामातून गेली होती. कर्जानं गाडी घेतली असती तर खुर्ची दोन वर्षं लांबली असती. लीजनं घेतली तर खुर्चीही आणि गाडीही. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं भांडत होतो. नवरा म्हणत होता आपली, आपली, आपली. मी म्हटलं, "अहो, गणिताचे मास्तर तुम्ही की मी? आकडे बघा. गाडी काय देव्हाऱ्यात ठेवायचीय? मला ती पाथर्डीला न्यायचीय." त्यानं हार मानली, कारण आकडे माझ्या बाजूनं होते.

पण खरं कारण आकड्यांपेक्षा वेगळं होतं. करंजीचा घाट उतरताना माझ्या डोक्यात लख्खकन् आलं होतं की गाडी आपली नसणार, हाच तर लीजचा सगळ्यात मोठा फायदा! भावकीला काय सांगायचं याचं उत्तर सीएंनी फुकटात दिलं होतं. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो गाडी चालवता चालवता हसायला लागला. म्हणाला, "डॉक्टरीणबाई, लोक दात काढायला तुमच्याकडे येतात, आणि तुम्हांला साधं नाही म्हणायला पुण्याची कंपनी लागते?" मला राग आला. घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

गाडी आली. पांढरी, छोटी, तेव्हा दर दुसऱ्या डॉक्टरकडे असायची तीच. पहिल्या रविवारी आम्ही दोघं ती घेऊन गावी गेलो. आप्पांच्या दारात सगळी आळी जमली. पेढे वाटले, पोरांनी हॉर्न वाजवून पाहिला, चुलतीनं काचेवरून हात फिरवला. आणि चुलतभावानं, अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे, दहा मिनिटांत विषय काढला. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं. नवरी याच गाडीतून आणायची, असं त्यानं सासरी कबूलही करून टाकलं होतं!

मी तयारीत होते. पर्समधून कराराचा कागद काढला. इंग्रजीत, शिक्क्यांसकट.

"हे बघ," मी म्हटलं, "गाडी माझी नाही. कंपनीची आहे. मी नुसती भाडं भरते. आणि कंपनी भारी कडक. पान अकरावर स्पष्ट लिहिलंय, गाडीत बसायचं ते डॉक्टरनं आणि डॉक्टरच्या नवऱ्यानं. तिसरं माणूस दिसलं की दंड. दुसऱ्यांदा दिसलं की गाडी ओढून नेतात."

पान अकरावर विम्याबद्दल काहीतरी होतं. गाडी भाड्यानं फिरवायची नाही, विकायची नाही, एवढंच त्या अख्ख्या करारात होतं. पण मी ते पान बोट ठेवून दाखवलं. चुलतभावानं कागदाकडे असं बघितलं जसं लोक एक्स-रेकडे बघतात. "आयला," तो म्हणाला, "लई कडक हाय की."

नवरा पेढ्याच्या खोक्यात तोंड घालून हसू दाबत होता. मी त्याला कोपरानं ढोसलं. मनातून मी नुसती फुलले होते. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद आणि कुणाचंही मन दुखावलं नाही! राग आला तर तो कंपनीवर. पुण्याच्या त्या साहेबांना काय फरक पडणार होता?

आप्पा बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या कागदावर तू सही केली का?"

"केली की."

"मग झालं," आप्पा म्हणाले.

त्या आठवड्यातच मी निरोप धाडला की गुरुवारी नगरची तारीख आहे, मी गाडी घेऊन येते. उलट निरोप आला, नको. पुढच्या वेळी ते दवाखान्यात आले तेव्हा मी समोरासमोर विचारलं. म्हणाले, "मला मोटारीत मळमळतं. बंद असती ना ती. येष्टी कशी मोकळी, वारं लागतं." त्यानंतर दर महिन्याला मी विचारायची आणि दर महिन्याला ते तेच उत्तर द्यायचे. एकदा म्हणाले, येष्टीत ओळखीची माणसं भेटतात. एकदा म्हणाले, म्हाताऱ्याला अर्धं तिकीट लागतं, मग कशाला पेट्रोल जाळायचं?

मी ऐकलं. आणि खरं सांगते, मला थोडं बरंही वाटलं. गुरुवारी दवाखान्यात गर्दी असायची आणि नवी खुर्चीही आली होती. त्यांनाच नको तर आपण काय जबरदस्ती करणार, अशी मी मनाची समजूत घातली. ज्या माणसाला नगरला नेण्यासाठी गाडी बदलली, तो माणूस त्या गाडीत एकदाही बसला नाही, हे मला आठ-नऊ महिने टोचलंसुद्धा नाही.

मग एका बुधवारी नगरच्या डॉक्टरांचा दवाखान्यात फोन आला. आमची चांगली ओळख होती, पण आवाज चढलेला होता. "मॅडम, वडील गेल्या महिन्यात आलेच नाहीत. थेंबही संपले असणार त्यांचे. एकच डोळा उरलाय त्यांना, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात!" मी म्हटलं, असं कसं, ते तर गेल्या महिन्यात गेले होते. "गेले असतील," ते म्हणाले, "माझ्याकडे आले नाहीत."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आप्पांच्या तारखेचाच. आप्पा दहाच्या सुमारास गावाहून शेवगावच्या स्टँडवर उतरायचे आणि तिथून नगरची गाडी धरायचे. मी दवाखान्यात बसलेल्या लोकांना सांगितलं, दुपारी या, आणि गाडी काढून स्टँडवर गेले. आप्पा खांबाला टेकून उभे होते. हातात पिशवी, डोक्यावर टोपी, आणि उजवा हात चुलतभावाच्या दंडावर. शेजारी चुलती आणि गावची आणखी दोन-तीन माणसं.

मी गाडी त्यांच्यापुढे नेऊन थांबवली, उतरले, दार उघडलं. "आप्पा, बसा. नगरला जायचंय."

आप्पा दोन पावलं मागे सरले. अक्षरशः मागे सरले. "येड लागलं का तुला?" हळू आवाजात म्हणाले. "भर स्टँडावर? कुनी बघितलं म्हंजे? दंड बसंल. जा तू, मी येष्टीनं जातो."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. मग कळलं. पान अकरा.

चुलतभाऊ समजुतीनं बोलायला लागला. "आक्का, तू कशाला आली? मी देतो की त्यान्ला बसवून. आता दर महिन्याला मीच येनार. गेल्या टायमाला एकलेच आलते ना, पाटी दिसली न्हाई त्यान्ला. नगरची म्हनून गेवराईच्या गाडीत बसले. पार बोधेगावला जाऊन उतरले. तिथून मागारी यायला सांज झाली. तुला सांगू नको म्हनले. म्हनले, तिच्या जिवाला घोर लागंल, आनि तिला तर गाडीत घेता बी येत न्हाई, कंपनी लई कडक."

तो टोमणा मारत नव्हता. तो खरंच माझी कीव करत होता. ज्या माणसाची मी घरी जेवताना नक्कल करायची, ज्याला टाळण्यासाठी मी पान अकरा काढलं होतं, तो शेतावर खाडा करून माझ्या बापाला बसमध्ये बसवून द्यायला आला होता. आणि बाप उरलेला अर्धामुर्धा डोळा घेऊन उलट्या दिशेनं वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन आला होता, माझ्या खोट्यापायी.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला राग. स्वतःचाच. आणि मला राग आला की माझा आवाज चढतो, त्यामुळे मी जे बोलले ते अख्ख्या स्टँडनं ऐकलं.

"असा काही नियम नाही! पान अकरावर काही नाही. कुठल्याच पानावर नाही. मी खोटं बोलले. तुम्ही लोक गाडी मागता म्हणून खोटं बोलले!"

पानाच्या टपरीवरची माणसंही बघायला लागली. चुलती तोंडाला पदर लावून उभी राहिली. 

"म्हंजे माझ्या मेव्हनीच्या लग्नाला..."

"हो."

"आनि आईचा गुडघा सुजला हुता तवा..."

"हो, तेव्हाही. दोन वेळा."

 शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या. त्यानं पुढे होऊन आप्पांच्या हातातली पिशवी घेतली, मागच्या सीटवर ठेवली आणि म्हणाला, "बसा आप्पा. दंड न्हाई म्हनं." आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बसले. मी गाडी सुरू केली. 

 तिसगाव येईपर्यंत आप्पांना मळमळलं नाही. काच खाली करून वारा घेत बसले होते. तिसगावच्या पुढे म्हणाले, "मग कागदात असं कायच न्हाई?"

"नाही."

"मग लोकान्ला सरळ न्हाई का न्हाई म्हनली? गाडी न्हाई देनार, असं. दोन दिस रुसले असते."

 तोच प्रश्न नवऱ्यानं वर्षापूर्वी याच रस्त्यावर विचारला होता. त्याच्याशी मी अबोला धरला होता. आप्पांशी कसा धरणार?

"तुम्ही तरी मला विचारायचं ना," मी उलट त्यांनाच म्हटलं. "मी दर महिन्याला बोलवत होते. मुलीला दंड बसेल म्हणून एवढा त्रास काढायचा?"

"तू सही केलती," आप्पा म्हणाले. त्यांच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

मला कळायला हवं होतं. आप्पांना जमीन नव्हती. तरुणपणी ते बागायतदारांची वासरं अर्धलीनं सांभाळायचे. म्हणजे वासरू मालकाचं, चारा-पाणी-राखण आप्पांची, आणि मोठं करून घोडेगावच्या बाजारात विकलं की किमतीची अर्धी वाटणी. मी लहान असताना त्यांच्याबरोबर घोडेगावला चालत गेलेय. चांगला दणकट खोंड बरोबर चालतोय आणि आमचं गाठोडं आप्पांच्या डोक्यावर. मी म्हणायची, याच्या पाठीवर टाका ना. ते म्हणायचे, "अजून वाटनी न्हाई झाली. तवर त्याचा मालक दुसरा हाय." दुसऱ्याच्या जनावराच्या पाठीवर ज्यानं गाठोडं टाकलं नाही, तो दुसऱ्याच्या मोटारीत कसा बसणार होता? हे जगात कुणाला नाही तरी मला माहीत होतं. आणि मी त्यांच्यासमोर, त्यांच्याच बाजेशेजारी उभी राहून तो कागद नाचवला होता.

नगरला डॉक्टरांनी दाब मोजला. मग नजर किती रुंद आहे ते मोजायच्या यंत्रापुढे आप्पांना बसवलं. मग मला आत बोलावून दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मागच्या वर्षीच्या कागदावर कडेला राखाडी पट्टा होता. नव्या कागदावर तो काळा झाला होता आणि आत सरकला होता.

"गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "राहिलेलं राखू."

मी विचारलं, एक महिना चुकल्यानं हे झालं का?

"एका महिन्यानं झालं असं सांगता येत नाही. नाही झालं असंही सांगता येत नाही."

ते खोटं बोलले असते तर किती बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. मी त्यांच्या खोलीतच रडले. बाहेर आप्पा बाकावर बसले होते, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते आणि मिटलेल्या डोळ्यांनी ते शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "पोरीनं आनलंय. तिच्या मोटारीतून."

त्यानंतर मी एकही तारीख चुकवली नाही. गुरुवारी दवाखाना बंद, अशी पाटीच लावली. आप्पा आता बसायचे, पण दुसऱ्याची मोटार म्हणून कडेला अंग चोरून. आणि नाही म्हणायला शिकले. चुलतभाऊ तीन महिन्यांनी आला, कुणाच्या तरी साखरपुड्याला गाडी मागायला. एवढं होऊनही आला, याला म्हणतात भावकी! मी म्हटलं, "नाही देणार."

"का?"

"मला द्यायची नाही म्हणून."

त्यानं चहा घेतला, अक्कलदाढ दाखवली, शेतातली वांगी देऊन गेला. आभाळ कोसळलं नाही. चुलतीच्या गुडघ्यासाठी मात्र मी न मागता गाडी घेऊन जायला लागले.

तीन वर्षं संपली, गाडी कंपनीकडे परत गेली. नव्या गाडीसाठी आम्ही पुन्हा सीएंपुढे बसलो. त्यांनी आकडे मांडले. पुन्हा लीजच फायद्याचं निघत होतं, पहिल्यापेक्षा जास्तच. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "मग? लीज?"

"नाही. कर्ज."

"आकडे तर..."

"आकडे मला दिसतात. मागच्या वेळी माझंच बरोबर होतं आणि आताही लीजच बरोबर आहे. तरी कर्ज."

डोळ्यांनी बघून, समजून-उमजून तोट्यात केलेली ती माझ्या आयुष्यातली एकच खरेदी. पुस्तक माझ्या नावावर झालं त्याच दिवशी मी गावी गेले. आप्पांची नजर तोवर आणखी थोडी आत आली होती, अक्षरं त्यांना लागत नव्हती. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं, त्यांचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. माझं नाव, मग त्यांचं; डिग्रीसारखंच पुस्तकही मी माहेरच्या नावानं केलं होतं.

"परत वाच," म्हणाले. मी परत वाचलं.

"म्हंजे आता कुनाची न्हाई?"

"कुणाची नाही. आपली. तुमची."

त्यांनी मान हलवली, पुस्तक पुसून मला दिलं, टोपी घातली. मी गाडीजवळ नेऊन दार उघडून धरलं. आप्पा दाराशी आले, एक हात टपावर ठेवला आणि तिथंच थांबून राहिले.

"बसू का?" त्यांनी विचारलं.